मेंदू वाचणारे संगणकीय जीवशास्त्रज्ञ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मेंदूवर काम करणाऱ्या संशोधकांतला एक मोठा वर्ग आज सुरी हाती घेत नाही. प्रतिमा, विद्युत्स्पंदनांच्या नोंदी आणि जनुकांची माहिती यांतून मेंदूचं कामकाज उलगडणारे हे संगणकीय जीवशास्त्रज्ञ. त्यांचं खरं काम माहीत नसल्यामुळे जीवशास्त्राची आणि गणिताची दोन्हींची आवड असलेली मुलं या वाटेकडे फिरकत नाहीत.

गैरसमज : हे संगणकवाल्यांचं काम, त्याला जीवशास्त्र लागत नाही.

वस्तुस्थिती : ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या सागरी जिवाच्या जाड चेतातंतूतले प्रवाह मोजले आणि संदेश कसा उमटतो, कसा पुढे सरकतो याची समीकरणं १९५२ मध्ये मांडली. त्यांच्या केंब्रिज विद्यापीठाचा संगणक तेव्हा फेरबदलांसाठी बंद होता. हक्सलींनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर सगळी आकडेमोड केली. सोडियम आणि पोटॅशियम यांची पेशीच्या आवरणातून होणारी ये-जा आधी समजून घेतली, म्हणून ती समीकरणं आजही वापरात आहेत. १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

गैरसमज : माहिती यंत्रात घातली की उत्तर आपोआप बाहेर पडतं.

वस्तुस्थिती : ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांना जोडणाऱ्या पाच कोटींहून अधिक चेतासंधी आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या कापांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने पेशींचे आकार जोडले खरे, पण कुठे दोन पेशी एकमेकींना चिकटल्या, तर कुठे एकाच पेशीचे तुकडे झाले. या चुका शेकडो माणसांनी डोळ्यांनी शोधून दुरुस्त केल्या.

साध्या तक्त्यांतही धोका असतो. एक्सेल 'मार्च१', 'सेप्ट२' अशा जनुकनामांच्या परस्पर तारखा करत असे. शेवटी २०२० च्या सुमारास या जनुकांची अधिकृत नावंच बदलावी लागली.

गैरसमज : स्कॅनमध्ये रंग उमटला म्हणजे मेंदूचा तो भाग काम करतोय.

वस्तुस्थिती : २००९ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मेंदूचं काम टिपणाऱ्या एफएमआरआय या स्कॅन यंत्रात एक मेलेला सॅमन मासा ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली आणि नेहमीसारखं विश्लेषण केलं. माशाच्या मेंदूत 'हालचाल' दिसली!

कारण संख्याशास्त्रात होतं. स्कॅनमध्ये मेंदूचे हजारो सूक्ष्म ठोकळे पाडून प्रत्येकाची वेगळी चाचणी होते. हजारो नाणी एकाच वेळी दहादहा वेळा उडवली, तर काहींवर ओळीने छापच पडणार. तसे काही ठोकळे निव्वळ योगायोगाने उजळतात. योग्य सुधारणा लावताच माशातली 'हालचाल' नाहीशी झाली.

२०२० मध्ये तर ७० गटांना एकच एफएमआरआय माहिती आणि तीच नऊ गृहीतकं दिली गेली. विश्लेषणाची पद्धत कोणत्याही दोन गटांची तंतोतंत सारखी नव्हती, आणि काही गृहीतकांवरचे निष्कर्षही जुळले नाहीत. अशा चित्रावर विश्वास ठेवण्याआधी ते कसं तयार झालं हे तपासणं, हा या संशोधकाच्या कामाचा गाभा आहे.

गैरसमज : लवकरच आख्खा मानवी मेंदू संगणकात उतरेल.

वस्तुस्थिती : युरोपचा 'ह्यूमन ब्रेन प्रोजेक्ट' २०१३ ते २०२३ अशी दहा वर्षं चालला. त्यातून मेंदूचे तपशीलवार नकाशे आणि संशोधनाची साधनं मिळाली, पण संगणकातला संपूर्ण मानवी मेंदू मिळाला नाही. २०२४ मध्ये हार्वर्ड आणि गूगल यांनी मानवी मेंदूच्या जेमतेम एक घन मिलिमीटर तुकड्याचा नकाशा मांडला. त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी चेतासंधी आढळल्या, माहिती १.४ पेटाबाइट भरली. संपूर्ण मेंदू अशा दहा लाखांहून अधिक तुकड्यांएवढा असतो.

गैरसमज : यासाठी परदेशच गाठावा लागतो.

वस्तुस्थिती : पुण्याच्या आयसर आणि बंगळूरच्या एनसीबीएस या संशोधन संस्थांमध्ये चेतापेशींची संगणकीय प्रारूपं घडवणारे गट आहेत. आयआयटी मद्रासच्या मेंदू केंद्राने २०२४ मध्ये मानवी गर्भाच्या मेंदूचा 'धरणी' हा त्रिमितीय नकाशासंग्रह सर्वांसाठी खुला केला. फळमाशीचा नकाशाही खुला आहे. भौतिकशास्त्र, गणित किंवा अभियांत्रिकी शिकणाऱ्यांनाही इथे वाव आहे. पायथनसारखी भाषा आणि संख्याशास्त्राचा पाया पक्का असेल, तर गडचिरोलीतली विद्यार्थिनीही आपल्या लॅपटॉपवर या खऱ्या माहितीवर सराव सुरू करू शकते.