एकट्या चाकाचा टायर

रायपूरच्या चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळाच्या आसपास संध्याकाळी थोडा वेळ उभे राहिले, की तीनचाकीचे सगळे घराणे समोरून जाते. बजाजची रिक्षा, पियाजिओची आपे, बॅटरीवरची ई-रिक्षा, मागे फळ्या ठोकलेला मालवाहू टेम्पो. या घराण्याचा श्रीमंत आणि जरासा वाह्यात चुलतभाऊ मात्र इथल्या मंडळींना भेटतो तो बहुधा अमेरिका-कॅनडातल्या मुलांनी पाठवलेल्या फोटोंत. पुढे दोन चाके, मागे एक, मोटारसायकलचे हँडल आणि किंमत मोटारीची. कॅनडातल्या क्विबेक प्रांतातील बीआरपी या कंपनीने कॅन-अ‍ॅम स्पायडर ही अशी गाडी २००७ साली आणली. अमेरिकेच्या पोलारिसने २०१४ मध्ये स्लिंगशॉट आणली. तिला हँडलऐवजी स्टिअरिंग आहे, पण चाकांची मांडणी तीच. कॅलिफोर्नियात तीनचाकी मोटारसायकल साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते. त्यामुळे जन्मात बुलेटला किक न मारलेले आपले सॉफ्टवेअरवालेही तिच्यावर ऐटीत बसलेले दिसतात.

ऐट वर्षा-दोन वर्षांत ओसरते आणि टायर झिजतात. मग स्पायडरवाल्याला जो प्रश्न पडतो, तोच आपल्या कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला पडतो: आता कोणते टायर घालायचे? दोघांनाही दुकानदार पहिल्यांदा किंमत सांगतो. त्याआधी एक गोष्ट पाहायला हवी. तीन चाकांतले एकटे चाक कुठे आहे, पुढे की मागे, आणि त्याच्यावर कोणते काम पडते?

कागदावर रिक्षाच्या तिन्ही चाकांचे ठिपके काढून ते रेषांनी जोडा. त्रिकोण तयार होईल, टोक पुढे आणि पाया मागे. गाडीचा भार या त्रिकोणाच्या आत पडतो तोवर ती उभी राहते. आता रिक्षा वेगात डावीकडे वळते आहे आणि चालकाने मध्येच ब्रेक दाबला असे समजा. वळणामुळे भार उजवीकडे ढकलला जातो, ब्रेकमुळे पुढे. दोन्ही मिळून तो उजव्या-पुढच्या कोपऱ्याकडे सरकतो आणि नेमका तिथेच त्रिकोण निमुळता झालेला असतो. वळणावर ब्रेक मारताना रिक्षा कलंडते ती यामुळे. स्पायडरचा त्रिकोण उलटा आहे, रुंद बाजू पुढे. ब्रेक दाबला की भार रुंद बाजूकडे येतो, म्हणून ती सहजी कलंडत नाही. तिचा धोका दुसरा आहे. इंजिनाची सगळी ताकद मागच्या एकट्या चाकातून रस्त्यावर उतरते. त्या टायरने पकड सोडली की गाडीचा मागचा भाग बाजूला फेकला जातो आणि सावरून घ्यायला मागे दुसरे चाक नसते.

हा फरक डोळ्यांनी पाहायचा असेल तर सांगली जिल्ह्यातल्या हरिपूरला जावे. तिथे संगमेश्वराच्या यात्रेनिमित्त रिक्षा उलट्या पळवण्याची शर्यत लागते. २०२३ च्या जानेवारीतल्या शर्यतीची चित्रफीत देशभर फिरली तेव्हा लोक हसले. पण मला त्यात यंत्रशास्त्राचा धडाच दिसला. बजाजच्या जुन्या रिक्षांत पुढे-मागे जाण्यासाठी वेगळा दांडा असतो, त्यामुळे उलट दिशेलाही सगळे गिअर मिळतात आणि रिक्षा चांगलीच पळते. उलटी पळणारी रिक्षा म्हणजे थेट स्पायडरची मांडणी: दोन चाके आघाडीला, एक पिछाडीला. ब्रेकला ती जास्त स्थिर होते. मात्र वळवणारे चाक मागे गेल्याने हँडल हातातून निसटायला पाहते आणि जरा जास्त वळवले की गाडी गर्रकन फिरते. एकट्या चाकाची जागा बदलली की तीच रिक्षा, तेच टायर वेगळे वागू लागतात.

आधी स्पायडरचे पाहू, कारण तिच्या टायरचा घोळ जास्त गमतीदार आहे. दिसायला ती मोटारसायकल, म्हणून मोटारसायकलचा टायर लागेल असे वाटते. पण मोटारसायकलचा टायर गोलसर असतो तो वळताना गाडी कलते म्हणून. कललेल्या गाडीला टायरची कड वापरायला मिळते. स्पायडर कलत नाही. तिला सपाट पाठीचा, मोटारीच्या घाटाचा टायर लागतो. अलीकडच्या बहुतेक स्पायडरना पुढे १६५/५५ आर १५ आणि मागे २२५/५० आर १५ ही मापे येतात. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के टायरची उंची आणि शेवटचा रिमचा व्यास इंचात.

पुढचे माप जपानमधल्या छोट्या मोटारींना येते, म्हणून तिकडे मोटारीचा टायर घेणाऱ्याला पर्याय सापडतात. आपल्याकडच्या दुकानात रुंदी जुळेल तर उंची जुळणार नाही. मागच्या चाकाचे उदाहरण घ्या. पंधरा इंची रिमसाठी इनोव्हाचे २०५/६५ आर १५ हे माप आपल्याकडे ओळखीचे. ‘रिम तीच आहे, बसेल’ असे कोणीही सांगेल. हिशेब करून पाहा. मूळ टायरचा पूर्ण व्यास ६०६ मिलिमीटर, इनोव्हाच्या टायरचा साधारण ६४७. म्हणजे जवळजवळ सात टक्के मोठा. वेग मागच्या चाकावरून मोजला जात असेल तर काट्यावर शंभर दिसताना गाडी एकशेसातने धावत असते. त्याहून वाईट म्हणजे स्पायडरमध्ये एबीएस, चाक घसरू न देणारी आणि गाडी तिरकी होऊ लागली की आवरणारी यंत्रणा आहे. ती पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फिरण्याची सतत तुलना करते. मागचे चाक सात टक्के सावकाश फिरू लागले की तिचा हिशेबच चुकतो. मापाला पर्याय नाही. फार तर कंपनी बदला, रबराचा प्रकार बदला.

मोटारीचा टायर घातल्यावर दुसरी चूक हवा भरताना होते. स्पायडरच्या बऱ्याच मॉडेलांत पुढच्या टायरमधला दाब १५ पीएसआयच्या आसपास आणि मागचा २८ च्या आसपास ठेवायला सांगितलेला असतो. आपल्या पंपावरचा मुलगा सवयीने बत्तीस-तेहतीस भरतो. मोटारीसाठी ते ठीक, कारण चारचाकीचे वजन त्या टायरला दाबून सपाट ठेवते. चारशे-साडेचारशे किलोंच्या हलक्या गाडीखाली तोच टायर मधून फुगतो, रस्त्याला फक्त मधली पट्टी टेकते आणि तेवढीच झिजते. पण कमी दाबालाही आपली किंमत आहे. साचलेल्या पाण्यावर टायर कधी तरंगू लागतो याचा एक ढोबळ अंदाज अमेरिकेच्या नासाने १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवर प्रयोग करून मांडला होता: दाब जितका कमी, तितक्या कमी वेगाला टायर तरंगतो. त्या सूत्राने १५ पीएसआयला उत्तर येते ताशी ६५ किलोमीटरच्या जरा खाली. म्हणून स्पायडरसाठी टायर निवडताना पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल, रुंद खाचा पाहाव्यात; गुळगुळीत शर्यतीच्या नक्षीच्या मोहात पडू नये. आषाढात रायपूरच्या जीई रोडवर पाणी तुंबलेले असताना अशी गाडी काढणाऱ्याचे मला कौतुक वाटणार नाही, टायर कितीही भारी असो.

आता आपल्या रिक्षाकडे. तिला पावसात तरंगण्याची भीती नाही, कारण वेग कमी आणि टायर अरुंद. तिचे दुखणे खड्डे, ओझे आणि ऊन. दुचाकीची एक वाट असते, चारचाकीच्या दोन, तीनचाकीच्या तीन. मोटारवाला खड्डा दोन चाकांच्या मध्ये घेऊन पुढे जातो. रिक्षावाल्याने तसे केले की पुढचे चाक बरोबर खड्ड्यात. मोटारींचे ठिबकलेले तेल साचते तेही रस्त्याच्या त्याच मधल्या पट्टीवर. एवढे सोसणाऱ्या चाकावरच गाडी वळवण्याची सगळी भिस्त. तरीही पद्धत अशी, की नवे टायर मागे घालायचे, कारण मागचे लवकर झिजतात, आणि मागून उतरलेला अर्धा गोटा टायर पुढे चालवायचा. कधी रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्या धडावर नवी पट्टी चढवलेला टायरही पुढेच जातो. रिमोल्डला माझा सरसकट विरोध नाही. मागे, मापात ओझे घेऊन तो चालतो. पण पुढे त्याची पट्टी सुटली तर हँडल धरून ठेवण्यापलीकडे चालकाच्या हाती काही राहत नाही.

बजाजच्या साध्या प्रवासी रिक्षेला ४.०० - ८ हे माप येते, आपे आणि बजाज मॅक्सिमासारख्या मोठ्या गाड्यांना ४.५० - १०. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिम, दोन्ही इंचात. तिन्ही चाकांना एकच माप आणि एकच स्टेपनी, ही या गाडीची खरी हुशारी. स्लिंगशॉटच्या धन्याला ती चैन नाही, त्याच्या पुढच्या आणि मागच्या टायरांची मापेच वेगळी. मापाशेजारी ६ पीआर किंवा ८ पीआर लिहिलेले असते. ती टायरच्या धडाची ताकद. स्वस्तात मिळतो म्हणून कमी पीआरचा टायर घेतला तर शाळेची मुले कोंबून नेताना तो जास्त वाकतो, वाकला की तापतो. मे महिन्यात रायपूरचा पारा पंचेचाळीसच्या आसपास पोहोचतो आणि डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते, तेव्हा कडेला फुगा यायला फार वेळ लागत नाही. मागचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. एक नवा, एक जुना असला की दोघांचा घेर वेगळा होतो, गाडी एका बाजूला ओढते आणि डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही उसंत मिळत नाही.

रुंद टायर घालून रिक्षा ‘स्पोर्टी’ करण्याची हौस कोल्हापूर-सांगलीकडे दिसते, आता इकडेही येते आहे. सजावट हवी तेवढी करा. रुंद टायर नको. रिक्षा उंच आणि अरुंद आहे. टायरने रस्ता जास्त घट्ट धरला तर ती घसरण्याऐवजी आतले चाक उचलते. २०११ साली मुंबईत जुहूच्या विमानतळावर चेन्नईच्या एका चालकाने रिक्षा दोन चाकांवर २.२ किलोमीटर चालवून गिनेसमध्ये नाव नोंदवले. विक्रम म्हणून टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण साधे टायरसुद्धा रिक्षेला उचलायला पुरेसे आहेत हेही त्यातून कळते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनासारखे बदल करता येत नाहीत. अपघात झालाच तर विमा कंपनीचा माणूस ते कलम आधी उघडेल.

ई-रिक्षेबद्दल थोडेच. ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असल्याने वेगाची चिंता नाही, पण बॅटऱ्यांचे वजन रिकाम्या गाडीतही टायरवर बसलेलेच असते. दाब उतरला की बॅटरीही लवकर उतरते. रोज सकाळी चार्जर काढताना हवा पाहायची सवय लावली तर टायरचे पैसे चार्जिंगमध्येच वसूल होतात.

दुकानात गेल्यावर टायर हातात घेऊन त्याची कड वाचा. चार आकडे एका लांबट चौकटीत असतात. २३२४ म्हणजे टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नागपूरजवळ बुटीबोरीला सिएटचा दुचाकी-तीनचाकी टायरांचा कारखाना आहे, म्हणजे माल काही सातासमुद्रापलीकडून यायचा नसतो. तरी दुकानाच्या माळ्यावर तीन-तीन वर्षे पडलेला टायर ‘एकदम नया’ म्हणून पुढे केला जातो. मापाजवळ एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा ओझ्याचा: ७५ म्हणजे ३८७ किलो, ८० म्हणजे ४५०. अक्षर वेगाचे: ‘इ’ला ताशी ७० किलोमीटर, ‘जे’ला १००, ‘एच’ला २१०. रिक्षाला ‘एच’ मिरवायची गरज नाही आणि स्पायडरला ‘जे’ चालणार नाही. आयएसआयची खूण नसलेला टायर परत ठेवून द्या. देशात विकल्या जाणाऱ्या टायरला ती सक्तीची आहे. दुचाकी-तीनचाकीच्या खाचा ०.८ मिलिमीटरच्या खाली गेल्या की नियमाने टायर बाद, पण पावसाळ्यापुरती मी ती मर्यादा दुप्पट धरीन.

टायर नवा तर ट्यूबही नवी. जुनी ताणलेली ट्यूब आत घडी घालते आणि तिथेच फाटते. आणखी एक, विशेषतः घरीच पाना हातात घेणाऱ्यांसाठी. बजाजच्या साध्या रिक्षेची रिम स्कूटरसारखी दोन अर्धुके बोल्टांनी जोडून केलेली असते. ट्यूबमधली सगळी हवा सोडल्याशिवाय ते बोल्ट सैल करू नयेत. दाबाने अर्धुके उडतात आणि तोंड जवळ असते.

सगळे एकदम बदलण्याइतके पैसे हाताशी नसतील तर क्रम असा ठेवा. स्पायडर किंवा स्लिंगशॉट असेल तर आधी मागचा, अगदी त्याच मापाचा; तो मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा. रिक्षा असेल तर मागची जोडी एकदमच बदला, आणि पुढे रिमोल्ड बसवलेला असेल तर तो या पावसाळ्याआधी काढून टाका.