डिझेल इंजिनाच्या पंपातील गळती : परीक्षा व उपाय

खरिपाचे चार महिने विहिरीवरील इंजिन झाकून उभे असते. कार्तिकात गहू-हरभऱ्यास पाणी द्यावयाची वेळ आली म्हणजे त्यावरील आच्छादन निघते, आणि दोन दिवस चालले न चालले तोच पंपाखालची जमीन ओली व काळी दिसू लागते. आमच्या आसेगाव परिसरात आता बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या असून सौरपंपही येऊ लागले आहेत. तरीपण वीज अवेळी येते म्हणून, किंवा नाल्याकाठच्या वावरापर्यंत तारा पोचल्या नाहीत म्हणून, पुष्कळांनी जुने इंजिन मोडीत काढिलेले नाही. अशा बंधूंकरिता हा लेख आहे.

गळती थेंबाथेंबाने होते म्हणून तिजकडे कोणी लक्ष देत नाही. महसुलाच्या दप्तरात आयुष्य गेल्यामुळे आम्हांस पैचाही हिशेब मांडण्याची खोड आहे, सबब तो येथे मांडतो. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरिला आणि सेकंदास एक थेंब गळतो असे मानिले, तर तासास 3600 थेंब, म्हणजे 180 मिलिलिटर डिझेल मातीत जाते. पाच अश्वशक्तीचे इंजिन पुऱ्या भारावर ताशी सुमारे एक लिटर डिझेल जाळते. म्हणजे जळणाऱ्या पाच लिटरांमागे जवळजवळ एक लिटर फुकट गेले, आणि शंभर तासांच्या ओलितात 18 लिटर. शिवाय ते मुरते कोठे, तर विहिरीच्या काठाशी. तेच पाणी माणसे व गुरे पितात.

हा पंप मोठा नाजूक कारागिरीचा आहे. जर्मनीतील बॉश यांच्या कारखान्यात 1927 साली असे पंप मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले, तेव्हापासून डिझेल इंजिन लहान व सुटसुटीत होऊ शकले. आपल्याकडे स्वातंत्र्यापूर्वीच साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्यात डिझेल इंजिने होऊ लागली. 1946 साली पुण्यास किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी निघाली. आणि 1951 साली बंगळूर येथे मायको कंपनी स्थापन होऊन पंप व नोझल देशातच बनू लागले. पंपाच्या पोटात प्लंजर नावाचा पोलादी दांडा बॅरल नावाच्या नळकांड्यात वरखाली होतो. या दोहोंमधील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोनतीन पट इतकीच असते. माणसाचा केस त्याहून वीसपट तरी जाड असतो. त्यात रबरी वा कातडी वायसर नाही. केवळ या बारीक फटीच्या जोरावर डिझेल दाबले जाते. नोझल उघडावयास दर चौरस सेंटिमीटरास साधारणतः दोनशे किलोंपर्यंत दाब लागतो.

म्हणूनच एक सूचना येथेच करून ठेवितो. चालू इंजिनाच्या दाबाच्या नळीतून बारीक फवारा उडत असल्यास तो कोठून येतो हे पाहण्यासाठी बोट कदापि लावू नये. तो फवारा कातडी भेदून आत जातो. वर सुई टोचल्याइतकीच खूण दिसते व दुखतही फारसे नाही, परंतु आतील मांस सडून बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. असे घडल्यास गावठी उपाय न करता त्याच घटकेस मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे जावे व आत डिझेल शिरले आहे असे स्पष्ट सांगावे. फवारा पाहावयाचा तर पुठ्ठ्याचा तुकडा आडवा धरावा.

आता परीक्षा. आमच्याकडे गळती दिसली की प्रथम पाना उचलितात. हे उलटे आहे. आधी पंप डिझेलने व ब्रशाने स्वच्छ धुवावा, कोऱ्या चिंधीने कोरडा करावा, आणि इंजिन बंद ठेवून टाकीची तोटी उघडावी. पाव तासात ओल दिसली, तर दोष टाकीकडून पंपात येणाऱ्या नळीच्या जोडात आहे. बंद असता कोरडे राहते आणि चालू केल्यावरच ओलावते, तर दोष दाबाच्या बाजूस आहे. वरून सर्व कोरडे असून बुडाशी ओल दिसते, अथवा काहीच दिसत नाही पण टाकी मात्र लवकर रिती होते, तर तिसरा प्रकार समजावा. तो सर्वांत वाईट.

पहिल्या प्रकारात बहुधा जोडाच्या बोल्टखालील तांब्याचे वायसर कडक झालेले असतात. नवे मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास जुने वायसर निखाऱ्यावर लाल होईतो तापवून पाण्यात टाकावे. पोलादाच्या उलट तांबे याने मऊ होते. वरील काजळी घासून काढावी व वायसर पुन्हा बसवावे. जोडावर साबण चोपडणे किंवा सुतळी गुंडाळणे हा उपाय पुष्कळ ठिकाणी दृष्टीस पडतो. साबण दिवसभर टिकतो, सुतळी धूळ धरिते, आणि ती धूळ नट सोडताना आत जाते.

दाबाच्या नळीच्या टोकाशी गळत असेल, तर नट सोडून नळीचे निमुळते टोक पाहावे. त्यावर चरा किंवा कचरा असल्यास ते बसत नाही. पुसून, नळी सरळ जागेवर धरून, हाताने आटे लावून मग पाना द्यावा. तरीही गळल्यास नळी बदलावी. जोर वाढविल्याने टोक चेपते व पुढे नवा नटही थांबत नाही.

पंपाच्या माथ्यावरील, ज्यास नळी जोडली जाते तो मोठा नट डिलिव्हरी व्हॉल्व्हचा होय. त्याच्या बुडाशी गळत असल्यास आतील वायसर नवाच घालावा. तापवून मऊ केलेला येथे चालत नाही. हे काम वावरात वाऱ्यावर करू नये. घरी स्वच्छ कागदावर, धुतलेल्या हातांनी करावे. नट किती आवळावा हे इंजिनाच्या पुस्तकात दिलेले असते, तितकाच आवळावा. लांब पाइप घालून ओढल्यास बॅरल किंचित पिळला जातो, प्लंजर धरतो, आणि डिझेल कमीजास्त करणारी दातेरी पट्टी अडकून बसते. ती पुऱ्या डिझेलावर अडकली तर इंजिन आवरेनासे होऊन चाक फुटण्याची भीती असते. म्हणून आवळल्यावर पट्टी बोटाने सरकवून पाहावी. ती विनासायास दोन्हीकडे गेली पाहिजे.

जोड उघडला की हवा शिरते. ती काढताना टाकीकडून नोझलकडे क्रमाने जावे : आधी गाळणीचा स्क्रू, मग पंपाचा, प्रत्येक ठिकाणी बुडबुडे थांबेपर्यंत. शेवटी नोझलाकडील नट सैल करून, डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून, अखंड डिझेल येईतो हँडल फिरवावे व नट आवळावा. त्यानंतर हँडल मारताना नोझलातून 'कर्र' असा आवाज आला म्हणजे हवा निघाली.

आता तिसरा प्रकार. ज्या इंजिनांत पंप थेट इंजिनाच्या पेटीवर बसविलेला असतो, त्यांत झिजलेल्या प्लंजरवरून उतरलेले डिझेल बाहेर न दिसता पेटीतील वंगणात मिसळते. आमच्या शेजारच्या शिवारातील एक गृहस्थ मोठ्या कौतुकाने सांगत की आमचे इंजिन तेल खात नाही, उलट पट्टीवर तेलाची खूण वर सरकते! त्या हंगामातच त्यांचे बेअरिंग गेले व क्रँक घासून घ्यावा लागला. डिझेलाने पातळ झालेले वंगण धातूंमध्ये थर धरीत नाही, हे त्याचे कारण. म्हणून दर आठवड्यास, इंजिन थंड असता, तेलाची पट्टी काढून पाहावी. खूण वाढलेली असेल, तेल पाण्यासारखे ओघळत असेल व त्यास डिझेलचा वास येत असेल, तर त्या इंजिनास त्या दिवशी हँडल मारू नये.

याचा इलाज घरी नाही. प्लंजर व बॅरल हे एकमेकांशी जुळवून घासलेले जोडपे असते. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलात चालत नाही. पंप उतरवून, सर्व तोंडे स्वच्छ कापडाने बांधून, पंप-नोझलची परीक्षा यंत्रावर करणाऱ्या दुकानी न्यावा व संपूर्ण जोड नवा घालावा. उतरविताना पंपाच्या बुडाखाली पातळ पत्रे सापडतील. ते भर म्हणून घातलेले नसतात. डिझेल कोणत्या क्षणी सुटावे हे त्यांवरून ठरते. ते मोजून एका पुडीत बांधून ठेवावेत, आणि पंप परत बसविताना तितकेच, त्याच जाडीचे घालावेत. पेटीतील जुने वंगण, ते कितीही नवे असले तरी, सर्व काढून टाकावे, पेटी पुसावी व नवे भरावे. भरल्यावर पट्टीवरील खूण वहीत टिपून ठेवावी आणि दहा तास चालल्यानंतर पुन्हा पाहावी.