परसातील हौद, गाळणी आणि आपली जबाबदारी

ईट येथील आमच्या जुन्या घराच्या परसात एक दगडी हौद आहे. लांबी ८ फूट, रुंदी ६ फूट, खोली ३ फूट. म्हणजे काठोकाठ भरला तर सुमारे ४००० लिटर पाणी. पूर्वी तो जनावरांसाठी होता. जनावरे गेली आणि हौद कोरडा पडला. नातवाच्या वाढदिवसाला कोणी काचेच्या भांड्यात चार गोल्डफिश आणून दिले, तेव्हा भांड्यात त्यांची कोंडी होते म्हणून आम्ही हौद भरून ते त्यात सोडले. दोन वर्षांत चाराचे चाळीसच्या वर झाले.

वैशाखातील एका सकाळी त्यांतील अकरा मासे पाण्यावर उलटे तरंगताना दिसले. चार दिवसांपूर्वी, पाहुणे येणार म्हणून, मी स्वतः हौदाची गाळणी नळाखाली घासून पांढरी होईपर्यंत धुतली होती. पाणीटंचाईमुळे हौद निम्मा भरलेला होता. पाहुण्यांच्या मुलांनी चार दिवस हौसेने कणकेचे गोळे टाकले होते. माझ्या वहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "भाऊजी, सांभाळायचे होते तर आधी शिकून का नाही घेतले?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना जे समजले, ते आपल्या समाजातील कुटुंबांसमोर ठेवावे म्हणून हा लेख.

पाळणे हेही एक बंधन

आपल्या भूम तालुक्यातच कुंथलगिरी आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तेथे सल्लेखना घेतली. या परिसरात वाढलेल्या आपल्या मुलाबाळांना पाणी गाळून पिण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. पाणी दुहेरी कापडातून गाळावे आणि कापडावर राहिलेली जिवाणी ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत हलक्या हाताने सोडावी, ही रीत आपल्या आजीने पाळली, आईने पाळली. माशांच्या हौदाची गाळणी धुताना मात्र या रीतीची मला आठवणही झाली नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. प्राण्याला कोंडून ठेवणे, त्याच्यावर अतिभार लादणे आणि त्याचे अन्नपाणी अडविणे हे त्यांत येतात. मासा हौदात ठेवला की पहिला दोष लागतोच. म्हणून शोभेसाठी मासे विकत आणू नयेत, असे माझे आता स्पष्ट मत आहे. परंतु जे जीव भेट म्हणून, जुन्या घराबरोबर किंवा मुलांच्या हट्टातून आपल्याकडे आलेच आहेत, त्यांचे काय? पुण्य लागेल म्हणून ते नदीत किंवा तलावात सोडणे योग्य नाही. गोल्डफिश ही परदेशी जात आहे; ती तेथील जीवसृष्टीला उपद्रव करते. तेव्हा आलेल्या जिवांना नीट सांभाळणे एवढाच मार्ग उरतो.

गाळणीत नेमके काय घडते?

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात उतरतो. उरलेले अन्न कुजले की तोच तयार होतो. पाणी जितके उष्ण आणि जितके क्षारधर्मी, तितका तो अधिक विषारी ठरतो. मराठवाड्याचा उन्हाळा आणि बोअरचे जड पाणी, दोन्ही गोष्टी या बाबतीत माशांच्या विरुद्ध जातात.

हा अमोनिया कापडाने किंवा जाळीने अडत नाही. त्याचे रूपांतर जिवाणूच करतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवितात. तेही विषारीच असते. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्यापासून नायट्रेट बनवितात. ते बरेच निरुपद्रवी असून वनस्पती ते खत म्हणून घेतात. हे काम सजीवांचे आहे, हे फ्रान्समधील श्लोसिंग आणि म्यून्त्झ यांनी १८७७ मध्ये दाखविले. वाळूतून सांडपाणी झिरपवताना त्यांनी क्लोरोफॉर्म सोडले, तेव्हा रूपांतर थांबले. मी नळाखाली गाळणी धुतली तेव्हा क्लोरोफॉर्मचे काम पाण्यातील ब्लिचिंग पावडरने केले. ज्याला मी मळ समजत होतो, त्या तपकिरी थरावरच माशांचे प्राण अवलंबून होते.

हे जिवाणू सावकाश वाढतात. नवी गाळणी पूर्ण कामाला लागण्यास साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्यांना बसण्यासाठी पृष्ठभाग लागतो आणि सतत प्राणवायू लागतो. गाळणीत जे साहित्य भरायचे त्याची निवड या दोन गरजांवरून करावी.

कोणते साहित्य घ्यावे?

व्यापारी कुटुंबांना भांडवली खर्च आणि चालू खर्च यांतील फरक वेगळा सांगायला नको. गाळणीतही स्वस्त भांडवलाचा चालू खर्च पुष्कळदा मोठा निघतो. येथे तो श्रमाच्या आणि जीवहानीच्या रूपाने द्यावा लागतो.

वाळूत पृष्ठभाग भरपूर असतो, पण ती लवकर तुंबते. तुंबलेल्या थरात प्राणवायू पोहोचत नाही; तेथे उपयोगी जिवाणू मरतात आणि दुर्गंधी सुटते. २० मिलिमीटरच्या खडीला एका घनमीटरमागे दीडशे ते दोनशे चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. ती टिकाऊ आहे, मात्र अतिशय जड. धुवायची म्हटली की घरातील वडीलधाऱ्यांची कंबर धरते. बाजारात लाव्हाचे सच्छिद्र दगड पाकिटात मिळतात. आपण उभे आहोत तो दख्खनचा पठारी प्रदेशच लाव्हाचा आहे, पण आपला घट्ट काळा पाषाण सच्छिद्र नसतो. चांगल्या भाजलेल्या विटांचे आणि कौलांचे तुकडे त्यापेक्षा बरे. ते आधी स्वच्छ धुऊन घ्यावेत. कच्ची वीट मात्र विरघळून पाणी गढूळ करते.

स्पंज गाळ उत्तम अडवतो, म्हणूनच तो वारंवार पिळावा लागतो. बारीक छिद्रांचा स्पंज हौदासाठी घेऊ नये. जाड छिद्रांचा घ्यावा. नारळाचा काथ्या कुजतो. सक्रिय कोळसा रंग आणि वास शोषतो, पण काही आठवड्यांत त्याची शक्ती संपते. झिओलाइट अमोनिया शोषते. परंतु माशांच्या औषधासाठी पाण्यात मीठ घातले, तर शोषलेला अमोनिया ते परत सोडते. कडप्प्याच्या किंवा संगमरवराच्या चुनखडीयुक्त चुऱ्याने आधीच जड असलेले पाणी अधिक जड होण्याचा संभव असतो.

सर्वांत कमी देखभालीचे साहित्य म्हणजे नळीसारखे पोकळ, आतून आडवे पडदे असलेले प्लॅस्टिकचे छोटे तुकडे. खालून हवेचे बुडबुडे सोडले की ते पाण्यात सतत फिरतात, एकमेकांवर घासून जुना थर आपोआप झाडतात आणि तुंबत नाहीत. किंमत जास्त आहे, पण ते वर्षानुवर्षे बदलावे लागत नाहीत. तेवढा खर्च करायचा नसेल, तर विजेच्या फिटिंगच्या पाइपाचे इंचभर तुकडे किंवा भांडी घासण्याच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार घासण्या वापराव्यात. त्यांत साबण नसल्याची खात्री मात्र करावी.

आमची सध्याची रचना

जिवाणूंपर्यंत पाणी पोहोचण्यापूर्वी जड गाळ खाली बसला पाहिजे. हा क्रम पाळला नाही, तर उत्तम साहित्यही वाया जाते. आम्ही २०० लिटरची दोन पिंपे घेतली. पहिल्यात पाणी बाजूने शिरून गोल फिरते, गाळ तळाशी बसतो आणि तळाच्या तोटीतून आठवड्यातून एकदा पाच मिनिटांत काढता येतो. दुसऱ्यात वरच्या बाजूस जाड स्पंज आणि खाली पाइपाचे तुकडे आहेत. तेथून पाणी ४० मिलिमीटरच्या खडीत लावलेल्या कर्दळीच्या वाफ्यातून जाते आणि हौदात धारेने पडते. कर्दळ नायट्रेट शोषते आणि धारेमुळे पाण्यात प्राणवायू मिसळतो. वाहत्या पृष्ठभागावर डासही सहसा अंडी घालत नाहीत, त्यामुळे औषध टाकण्याची वेळ येत नाही.

पंप तासाला २००० लिटर पाणी उचलतो, म्हणजे पूर्ण हौद दोन तासांत एकदा फिरतो. ४० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर रोज सुमारे एक युनिट वीज लागते. वीज बराच वेळ गेली, तर त्या दिवशी माशांना अन्न द्यायचे नाही आणि पंप पुन्हा सुरू करण्यापूर्वी पिंपांतील साचलेले पाणी झाडांना सोडायचे, एवढा नियम पुरतो.

दुसरे पिंप वर्षातून तीन वेळाच धुतो: चातुर्मासापूर्वी, चातुर्मासानंतर आणि फाल्गुनात. स्पंज आणि तुकडे हौदाच्याच पाण्यात, बादलीत, हलके खळबळून घेतो आणि ते पाणी बागेत सोडतो. सगळे साहित्य एकाच दिवशी धुवत नाही. या वेळी निम्मे, पुढच्या वेळी निम्मे. जिवाणी मूळ ठिकाणी सोडण्याची आजीची रीत आणि हा नियम मला एकाच विचाराचे वाटतात. देखभाल कमी म्हणजे सूक्ष्म जिवांची उलथापालथही कमी.

गाळणीपूर्वीचे दोन निर्णय

पहिला निर्णय संख्येचा. चाळीस मासे त्या हौदाला अतिभार होते. आम्ही काही मासे स्वतःचे मोठे हौद असलेल्या नातेवाइकांकडे दिले. दुसरा निर्णय अन्नाचा. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. तीर्थस्थानी कुंडातील माशांना आपण श्रद्धेने चुरमुरे आणि कणिक टाकतो. तेथेही उरलेले अन्न त्यांच्याच पाण्यात विष होते, हे ध्यानात ठेवावे. शिवाय बाजारातील माशांच्या खाद्यात बहुधा सुक्या माशांची भुकटी असते. पाकिटावरील घटक वाचूनच ते घ्यावे. गोल्डफिश वनस्पतीजन्य अन्नही खातात. सोया, गहू व स्पिरुलिना यांपासून केलेले खाद्य आणि उकडलेले मटार त्यांना चालतात.

नव्या रचनेला आता तीन वर्षे होतील. अमोनिया तपासण्याचे थेंबांचे किट वहिनींच्या देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात असते. महिन्यातून एकदा नातू चाचणी करतो. रंग पिवळा आला, म्हणजे अमोनिया नाही, की तो वहिनींना नळी दाखवतो. त्या चष्मा लावून पाहतात आणि मगच माशांना दाणे टाकतात.