कापड कुठले, कल्पना कुणाची?

टी-शर्ट छापून विकण्याचा धंदा आज एका खोलीत सुरू होतो. हीट प्रेस विकत घेता येते, डीटीएफचे, म्हणजे फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवायचे, प्रिंट मीटरच्या भावाने बाहेरून छापून आणता येतात, कोरे टी-शर्ट घाऊक बाजारातून गठ्ठ्याने येतात. गिऱ्हाईकही फार लांब शोधावे लागत नाही. ढोल-ताशा पथके, गोविंदा पथके, गडकोट फिरणारे गट, कॉलेजची गॅदरिंग, सोसायट्यांचे क्रिकेट सामने, वारीतल्या दिंड्या, सगळ्यांनाच एकसारखा टी-शर्ट हवा असतो. पण जे इतक्या सहज सुरू होते, ते शेजारच्या गल्लीतही तितक्याच सहज सुरू होते. यंत्र तेच, कोरा माल तोच आणि चित्रही इंटरनेटवरून उतरवलेले तेच असले, की गिऱ्हाईकाला निवड करायला फक्त किंमत उरते. आणि किमतीच्या चढाओढीत छोटा व्यावसायिक आधी थकतो. म्हणून मला वाटते, या धंद्याचे खरे भांडवल दोन प्रश्नांच्या उत्तरांत आहे. आपण विकतो ते कापड कुठून आले, कसे बनले? आणि त्यावरची कल्पना कुणाच्या हक्काची? ही उत्तरे ज्याच्याजवळ आहेत, तो टिकतो.

आधी कापड. महाराष्ट्र कापूस पिकवणारे मोठे राज्य आहे आणि इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही यंत्रमागाची शहरे आपलीच. त्यामुळे टी-शर्टचे कापडही तिथेच मिळेल, असा नवख्याचा समज होतो. पण मागावर उभे-आडवे धागे घालून विणलेले कापड वेगळे आणि टी-शर्टला लागणारी होजिअरी वेगळी. होजिअरीत सुताचे फासे एकमेकांत अडकवलेले असतात, म्हणून ती ताणली जाते आणि अंगाबरोबर हलते. तिचे देशातले सर्वांत मोठे केंद्र तमिळनाडूतले तिरुप्पूर, उत्तरेत लुधियाना. तिथल्या व्यापाऱ्याशी फोनवर बोलायचे तर चार शब्दांचा अर्थ नीट माहीत हवा. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन; रोजच्या वापराचा राउंड नेक साधारण १६० ते १८० जीएसएमचा, तर ओव्हरसाइझ टी-शर्ट बहुधा २२०-२४० चा असतो. सुताचा नंबर जितका मोठा, तितका धागा बारीक. कोंब्ड म्हणजे आखूड तंतू विंचरून काढलेले सूत. बायोवॉश म्हणजे एन्झाइमने कापडावरची लव काढणे. त्याने छपाई स्वच्छ उठते आणि कापडावर गोळे कमी धरतात.

हे शब्द पावतीवर छापणे सोपे असते, म्हणून ते पडताळून पाहण्याची सवय लावून घ्यावी. त्याला प्रयोगशाळा लागत नाही. दहा सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन कापून सोनाराच्या काट्यावर तोलला आणि तो १.८ ग्रॅम भरला, तर कापड १८० जीएसएमचे. धागा उसवून जाळला की सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. नमुन्यावर २५ सेंटिमीटरचा चौकोन आखून तो तीनदा धुवावा. रेघ २४ वर आली तर कापड चार टक्के आटले. त्याच वेळी बाजूची शिवण पोटावर वळून आली का, तेही दिसते. मग कापडाची छपाईशी सांगड. सब्लिमेशनची शाई उष्णतेने वायुरूप होऊन पॉलिस्टरमध्ये शिरते. सुती कापडावर ती टिकत नाही आणि गडद रंगावर दिसत नाही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते, त्यामुळे एक-दोन रंगांच्या मोठ्या ऑर्डरला ते स्वस्त पडते आणि पाच-दहा नगांना महाग. डीटीएफ जवळपास कुठल्याही कापडावर बसते, पण त्याचा थर वारा अडवतो. तासन् तास ढोल वाजवणाऱ्याच्या छातीवर हातभर भरीव चित्र लावणे म्हणजे त्याला घामाने भिजवणे. लाल पॉलिस्टरवर पांढरी छपाई केली, तर कापडाचा रंग वर येऊन ती गुलाबी पडू शकते. हे आधी ठाऊक असणे हीच या धंद्यातली कारागिरी.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की मंडळाला एका दिवसापुरते तीनशे टी-शर्ट हवे असतात, तिथे इतके कोण बघतो? आक्षेपात तथ्य आहे, आणि एका दिवसाच्या कामाला हलके पॉलिस्टर देण्यात गैर काही नाही. गैर आहे ते पॉलिस्टर देऊन सुती म्हणून सांगणे. पर्याय समोर ठेवून त्यांतला फरक समजावून सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुढच्या वर्षीही येते. शिवाय स्वस्ताईची किंमत कुणीतरी भरतच असते. तिरुप्पूरच्या रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याने नोय्यल नदी इतकी बिघडली, की २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. सांडपाणी बाहेर न सोडण्याची व्यवस्था करणे त्यांना भाग पडले. शेकड्यांनी माल घेणाऱ्या छोट्या माणसालाही रंगाई कुठे होते, एवढे विचारता येते. अनेकांनी विचारले, की विकणाऱ्याला उत्तर तयार ठेवावे लागते.

आता कल्पना. मराठी टी-शर्टचे सगळ्यांत जवळचे धन म्हणजे आपले अक्षर. नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची अक्षरे पाहून नाटकाचा स्वभाव कळत असे, र. कृ. जोशींनी देवनागरीच्या संगणकीय रूपाचा पाया घातला. तो वारसा आज फुकट हाताशी आहे. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने घडवलेले मुक्त, बलू, मोदक हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत. ते वापरून छापलेला टी-शर्ट बिनदिक्कत विकता येतो. मुंबईच्या रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला यात्रा वनही तसाच. मात्र ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असे लिहिलेला फुकट फाँट धंद्याला चालत नाही, हे डाउनलोड करतानाच वाचावे. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ त्या फाँटमध्ये आहेत का, ‘दऱ्या’मधला ‘ऱ्य’ नीट उमटतो का, वेलांटी जागेवर बसते का, हेही तपासावे. प्रिंटरकडे फाइल पाठवताना अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे रेखाकृतीत रूपांतर करून, पाठवावीत, नाहीतर तिकडे फाँट नसल्याने मजकूर विस्कटतो. छातीवर अशुद्ध मराठी मिरवायला लावणारा माल कितीही स्वस्त असला तरी महागच.

अक्षराइतकाच मजकुराचा हक्क महत्त्वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये आणि पु. ल. देशपांडे २००० मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या ओळी परवानगीशिवाय छापायच्या तर अनुक्रमे २०५९ आणि २०६० संपेपर्यंत थांबावे लागेल. उलट तुकोबांचे अभंग, केशवसुत आणि बालकवी यांच्या कविता, १९०६ मध्ये निवर्तलेल्या राजा रविवर्म्याची चित्रे हा सगळ्यांसाठी खुला ठेवा आहे. चिन्हे आणि नावांच्या गैरवापराला आळा घालणारा १९५० चा कायदाही अनेकांना ठाऊक नसतो. त्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र आहे. व्यापारासाठी त्यांचा वापर करायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. चित्रकाराला पैसे दिले, की चित्राचा हक्क दर वेळी आपोआप आपला होतोच असेही नाही. हक्काचे हस्तांतर लेखी करावे लागते; त्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

‘सगळेच उचलतात, छोट्याला कोण धरणार?’ हा युक्तिवाद मला मान्य नाही. ऑनलाइन बाजारात एक तक्रार गेली, की माल उतरवला जाऊ शकतो. त्याहून मोठा तोटा असा, की उचललेल्या चित्रावर आपला हक्क नसल्याने ते दुसऱ्याने छापले तर आपल्याला तक्रारही करता येत नाही. स्वतःच्या डिझाइनच्या बाबतीतही जागे राहावे लागते. डिझाइन कायद्याखाली नोंदवण्याजोगे असूनही न नोंदवलेले डिझाइन औद्योगिक पद्धतीने पन्नासपेक्षा जास्त वेळा वस्तूंवर उमटवले, की त्याचा कॉपीराइट संपतो, असे कॉपीराइट कायद्याचे १५ वे कलम सांगते. म्हणून ज्या डिझाइनवर धंदा उभा करायचा आहे, ते बाजारात आणण्यापूर्वीच नोंदणीबाबत जाणकाराचा सल्ला घ्यावा.

‘लोककला तर सगळ्यांचीच’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला उल्लेखाविना दाखवल्या, तेव्हा आपण संतापलो. कंपनीला भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. मग इंटरनेटवरून वारली चित्र उतरवून छापताना तोच न्याय आपल्याला लागू होत नाही का? वारलीला भौगोलिक मानांकन आहे. या कलेला जगभर नेणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि डहाणूच्या परिसरात आजही शेकडो हात ती चित्रे काढतात. पिंगुळीच्या चित्रकथीलाही हाच न्याय लागू होतो. तिथल्या चित्रकाराला काम द्यावे, मोबदला ठरवावा, त्याचे नाव टी-शर्टच्या लेबलवर छापावे.

हे सगळे करायला पैसा आणि वेळ लागतो, हे खरे. पण त्यातला मोठा वाटा सुरुवातीलाच लागतो. ठरलेल्या पुरवठादाराचे कापड, दोन-तीन चित्रकारांशी लेखी करार आणि वर्षाला दहा-बारा स्वतःची डिझाइने एवढ्यावर छोटा धंदा उभा राहतो. कोटेशनवर किमतीच्या आधी जीएसएम, कापडाचे मिश्रण आणि चित्रकाराचे नाव लिहायची प्रथा पाडली, तर गिऱ्हाईकालाही तुलना कशाची करायची ते कळेल. यंत्रे दर काही वर्षांनी बदलतील आणि स्वस्तही होतील. पण कापडाची पारख आणि कल्पनेवरचा हक्क शेजारच्या दुकानाला आयता विकत घेता येणार नाही.