पंचवीस आणि बावन्न : संख्यालेखनातील चुकांचे निदान व उपचार

तिसरीच्या वर्गात शिक्षक पाच-सहा संख्या तोंडी सांगतात आणि मुले त्या पाटीवर लिहितात, हा प्राथमिक शाळेतील नित्याचा प्रसंग होय. 'पंचवीस' म्हटल्यावर एखादा मुलगा ५२ लिहितो. 'सदतीस' म्हटल्यावर ७३ लिहितो. 'एकोणपन्नास' म्हटल्यावर क्षणभर घुटमळतो आणि ५९ लिहितो. शिक्षक फुली मारतात, बरोबर संख्या फळ्यावर लिहितात व ती दहा वेळा लिहून आणावयास सांगतात. दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा होते. असे काही आठवडे चालले म्हणजे तो मुलगा गणितात कच्चा ठरतो. आणि एकदा असा शिक्का बसला की पुढे मुलगाही त्यावर विश्वास ठेवू लागतो.

वस्तुतः ५२ लिहिणारा मुलगा निष्काळजी नसतो. त्याने जे ऐकले तेच क्रमाने लिहिलेले असते. 'पंचवीस' या शब्दात पाच आधी ऐकू येतात व वीस मागून. चुकीमागील हे कारण ज्यास कळले, त्यास उपचारही सापडतो. त्या कारणाचा आणि उपचाराचा विचार येथे केला आहे.

१. चुकीचे मूळ

मराठी संख्यानामांत तीन अडचणी एकत्र आल्या आहेत.

पहिली अडचण क्रमाची. संख्या लिहिताना दशक डावीकडे म्हणजे आधी लिहावयाचा, पण बोलताना एकक आधी उच्चारावयाचा. हा वारसा संस्कृतातील 'पंचविंशति' यासारख्या नामांकडून आलेला आहे. शेजारच्या कानडी भाषेत २५ ला 'इप्पत्तैदु' म्हणतात. त्यात वीस आधी व पाच नंतर येतात. इंग्रजीतही वीसच्या पुढे हाच क्रम आहे. मराठी मुलास मात्र कानाने एक क्रम घ्यावा लागतो व हाताने दुसरा द्यावा लागतो.

दुसरी अडचण रूपाची. पन्नासचे 'एक्कावन्न'मध्ये 'वन्न' होते आणि 'त्रेपन्न'मध्ये 'पन्न' होते. साठचे 'सष्ट', सत्तरचे 'हत्तर', नव्वदचे 'ण्णव' होते. शिवाय त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, सत्त्याहत्तर अशी जोडाक्षरांनी भरलेली नावे सहा-सात वर्षांच्या जिभेस जड जातात. दहापर्यंतची नावे आणि दशकांची नावे येत असली तरी त्यांवरून 'शहात्तर' आपोआप तयार होत नाही. परिणामी मुलास शंभरापर्यंतची बहुतेक नावे सुटी सुटी पाठ करावी लागतात.

तिसरी अडचण 'एकोण' या उपपदाची. एकोण म्हणजे एकाने ऊन, एक कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. ही युक्ती सुंदर आहे, परंतु ती मुलास बहुधा कोणी सांगत नाही. त्याच्या कानावर 'एक' आणि 'पन्नास' पडतात. म्हणून कोणी ५१ लिहितो, तर शेवटी नऊ येतात एवढे आठवणारा ५९ लिहितो. त्यातही नव्व्याण्णव हा शब्द 'एकोणशंभर' होत नाही, हा आणखी एक अपवाद आहे.

२. इतरत्र झालेले विचार

ही अडचण केवळ मराठीची नाही. नॉर्वे देशात पूर्वी 'एक-आणि-वीस' अशा क्रमाने संख्या बोलत असत. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना व ऐकताना घोटाळे होऊ लागले, तेव्हा दूरध्वनी खात्याच्या सूचनेवरून तेथील संसदेने निर्णय घेतला आणि १९५१ सालापासून शाळांतून व सरकारी व्यवहारातून 'वीस-एक' हा क्रम सुरू झाला. तरीही जुनी पद्धत बोलण्यातून पूर्णपणे गेली नाही. लोकांच्या जिभेवरील शब्द आदेशाने सहसा बदलत नाहीत, हा बोध त्यातून घेण्यासारखा आहे.

चिनी, जपानी व कोरियन या भाषांत २५ ला 'दोन-दहा-पाच' अशा अर्थाचे नाव आहे. आयरीन मिउरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिलीच्या मुलांना दहाचे दांडे व सुटे ठोकळे देऊन संख्या मांडावयास सांगितले होते. या भाषा बोलणारी मुले दहाचे दांडे अधिक सहजतेने वापरीत. इंग्रजी बोलणारी अमेरिकन मुले बहुधा सुटे ठोकळेच मोजून मांडीत. यामागे भाषेखेरीज घरची व शाळेची शिकवणही असू शकते, हे खरे. तथापि संख्येचे नाव आणि संख्येची समज यांचा संबंध आहे, एवढे यावरून ध्यानात येते.

महाराष्ट्रात हा प्रश्न २०१९ साली सर्वांसमोर आला. बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस या नावाबरोबर 'वीस एक' असे वाचनही देण्यात आले. गणिततज्ज्ञ डॉ. मंगला नारळीकर या समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरांच्या भीतीने मुलांच्या मनात गणिताविषयी अढी बसू नये, हा त्यांचा हेतू होता. या बदलावर वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला व विधानसभेतही तो विषय निघाला. भाषेची मोडतोड होईल, बाजारात मुलांना 'पंचवीस' कळणार नाही, असे आक्षेप घेण्यात आले.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. बाजारात पंचवीसच लागणार, म्हणून ते नाव आलेच पाहिजे. परंतु नाव येण्यापूर्वी मुलास संख्या कळली पाहिजे. 'वीस आणि पाच' ही त्या कळण्याची पायरी होय. जिना चढून माडीवर गेल्यानंतर जिना मोडावा लागत नाही. आणि जिना आहे म्हणून कोणी जिन्यातच राहत नाही.

३. निदान

एकाच प्रकारच्या चुकीची कारणे निरनिराळी असू शकतात. म्हणून उपचारापूर्वी प्रत्येक मुलास दहा मिनिटे जवळ बसवून पुढील तीन परीक्षा घ्याव्यात.

पहिली परीक्षा : २५, ३७, ६३, ४९, ८० या संख्या तोंडी सांगून पाटीवर लिहून घ्याव्यात.

दुसरी परीक्षा : ३७ ही संख्या न उच्चारता पाटीवर लिहून दाखवावी व तितक्या काड्या मांडावयास सांगावे. नंतर ३ या अंकावर बोट ठेवून 'या अंकाच्या काड्या कोणत्या?' असे विचारावे.

तिसरी परीक्षा : ४२ मधून १७ वजा करण्याचे उदाहरण उभ्या मांडणीत द्यावे आणि मुलाने ते कसे केले हे त्याच्याच तोंडून ऐकावे.

पहिल्या परीक्षेत अंकांची अदलाबदल होते, पण दुसरीत मूल तीस काड्या बरोबर दाखवते, असे आढळल्यास त्याची संख्येची समज पक्की आहे; अडचण केवळ नावाची आहे. याउलट पाटीवर ३७ अचूक लिहिणारे मूल तीनच काड्या दाखवीत असेल, तर अडचण खोल आहे. त्यास अंकाची स्थानिक किंमत कळलेली नाही. अमेरिकेतील कॉन्स्टन्स कामी यांनी १९८० च्या दशकात १६ वस्तू समोर ठेवून मुलांना असाच प्रश्न विचारला होता. १६ मधील १ या अंकासाठी कित्येक मुलांनी एकच वस्तू दाखविली. शुद्ध लेखनावरून समज आहे असे मानणे किती फसवे असते, हे यावरून दिसते.

तिसऱ्या परीक्षेत अनेकदा ३५ हे उत्तर येते. कारण विचारल्यास मूल सांगते, 'दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.' येथेही एक नियमच पाळला गेला आहे. 'मोठ्यातून लहान वजा करावा' हे वाक्य त्याने वर्गातच ऐकलेले असते. ते सबंध संख्येविषयी होते, एकेका अंकाविषयी नव्हे, एवढे त्यास कळलेले नसते. मुलांच्या वजाबाकीतील चुका अशा ठरावीक, पण चुकीच्या नियमांतून उपजतात, हे ब्राउन व बर्टन या संशोधकांनी १९७८ साली सविस्तर मांडले आहे.

४. उपचाराचे पाठ

(अ) मोळीचा पाठ. तुराट्यांचे वीतभर लांबीचे तुकडे करून घ्यावेत. दहा तुकडे झाले की मुलाने स्वतः त्यांची मोळी बांधावी. शिक्षकाने तयार मोळ्या देऊ नयेत. बांधण्याच्या क्रियेतच दहा सुट्यांचा एक दशक होतो, हे हातास कळते. कडब्याची पेंढी व उसाची मोळी पाहिलेल्या जामखेड तालुक्यातील मुलांना ही कल्पना परकी नाही. ३७ म्हणजे तीन मोळ्या व सात सुटे, हे मांडून, बोलून व नंतर लिहून घ्यावे.

(आ) दुहेरी नावाचा पाठ. तीन मोळ्या उचलताना 'तीस', सात काड्या ठेवताना 'सात' आणि सर्वांवर हात ठेवून 'सदतीस' असे मुलाने म्हणावे. उजळणी सोडू नये. नावे शेवटी पाठच व्हावयाची आहेत. मात्र ती संख्येच्या सोबतीने पाठ व्हावीत.

(इ) पट्ट्यांचा पाठ. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून १० ते ९० च्या दशकपट्ट्या व त्यांच्या निम्म्या रुंदीच्या १ ते ९ च्या एककपट्ट्या कापाव्यात. ३० च्या पट्टीवरील शून्यावर ७ ची पट्टी ठेवली की ३७ दिसतात. उचलली की खाली ३० असतात. 'सदतीस' ऐकून ३०७ लिहिणाऱ्या मुलास हा पाठ विशेष उपयोगी पडतो.

(ई) एकोणचा पाठ. दहा-दहा मण्यांचा रंग बदललेली शंभर मण्यांची माळ टांगावी. पन्नासाव्या मण्यावर बोट ठेवून एक मणी मागे यावे व 'पन्नासाला एक उणा, एकोणपन्नास' असे म्हणावे. नंतर मोळ्या मांडून त्यात चार मोळ्या व नऊ सुटे आहेत, हे पडताळावे.

(उ) लेखनाचा पाठ. रोज पाच मिनिटे पाच संख्या सांगाव्यात. संख्या ऐकताच लिहू न देता मुलाने आधी मोळ्या उचलून दशक लिहावा, मग सुटे मोजून एकक लिहावा. काही दिवसांनी मोळ्या दूर ठेवाव्यात.

(ऊ) हातच्याचा पाठ. ४२ म्हणजे चार मोळ्या व दोन सुटे. सात सुटे द्यावयाचे आहेत, पण जवळ दोनच आहेत. मग एक मोळी सोडावी. तीन मोळ्या व बारा सुटे होतात. सात दिले, पाच उरले, एक मोळी दिली, दोन उरल्या, उत्तर २५. मोळी सोडलेल्या मुलास हातचा म्हणजे काय, हे निराळे समजावून द्यावे लागत नाही.

५. ऊसतोडीहून परतलेली मुले

या तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शंभरापर्यंतच्या संख्यांचा सराव वर्गात चालू असतो, नेमके त्याच काळात यांतील काही मुले फडावर असतात. परतल्यावर ती मागच्या ओळीत बसतात व हळूहळू गप्प होतात. अशा मुलास मागील सर्व पाठ पहिल्यापासून देण्याची गरज नसते. वरील तीन परीक्षा घेतल्यास त्यास काय येते व काय राहिले, हे त्याच दिवशी समजते. कित्येकदा त्यास मोळ्यांचा हिशेब व पैशांचा व्यवहार चांगला येत असतो. उणीव केवळ लेखनाची असते. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलास पायाभूत संख्याज्ञान यावे, हे २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट आहे. त्याची खरी कसोटी या मुलांवरच लागते.

शिकणाऱ्यास जे ठाऊक आहे तेथून आरंभ करावा, हे तत्त्व जामखेडास नवे नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या खेड्यांतील स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे ज्ञान दिले आणि त्या स्त्रियांनी गावोगावी आरोग्यसेविकेचे काम समर्थपणे केले. प्रौढ निरक्षर स्त्रीस जे साधले ते सात वर्षांच्या मुलास का साधू नये?

६. चुकांची वही

विज्ञान व गणित यांच्या अध्यापनाचे संशोधन हे केवळ मोठ्या संस्थांचे काम नव्हे. मुंबईत १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र असे संशोधन करीत आले आहे, आणि त्याच्या पुढाकाराने २००४ साली गोव्यात या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषदही भरली होती. परंतु अशा संशोधनाचा कच्चा माल, म्हणजे मुलाची चूक, रोज शिक्षकाच्याच समोर असतो.

म्हणून प्रत्येक शिक्षकाने एक साधी वही ठेवावी. तीत चार रकाने असावेत : विचारलेला प्रश्न, मुलाचे उत्तर, मुलाने सांगितलेले कारण आणि योजलेला पाठ. मुलाचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत या वहीतील दोन-तीन नोंदी वाचून दाखवाव्यात. एका शाळेतील चूक दुसऱ्या शाळेतही आढळल्यास तिचे कारण मुलात नसून विषयात किंवा अध्यापनात आहे, हे सर्वांच्या लक्षात येईल, आणि एका शिक्षकास सापडलेला उपाय इतरांनाही मिळेल.

यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेगळा तासही लागत नाही. लागतो तो थोडा धीर. मुलाने ५२ लिहिले तर पाटी पुसावयास सांगण्यापूर्वी 'हे कसे लिहिलेस?' एवढे विचारावे आणि त्याचे उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.