हौद्यातली हळद आणि कॅप्सूलमधली

कोल्हापूरच्या तालमींत कुस्तीच्या हौद्याची लाल माती तयार करताना तिच्यात ताक, तेल, लिंबू आणि हळद मिसळतात. शिवाजी पेठेसारख्या तालमींच्या पेठेत अंग खरचटणे नेहमीचेच; जखम चिघळू नये, हा त्या हळदीमागचा हिशेब. जखमेवरच्या या उपायाचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून त्याला आव्हान दिले व १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या निकालाने एवढेच ठरले की हा वापर नवा नाही. हळदीने जखम किती भरते, हा वाद तिथे नव्हताच.

हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन १८१५ मध्ये वेगळे काढले गेले. हळदपुडीत ते वजनाच्या साधारण ३ टक्के असते. मुक्या मारावर उगाळून लावतात ती आंबेहळद तर वेगळीच वनस्पती, तिच्यात ते अगदी कमी. प्रयोगशाळेत कर्क्युमिन दाह वाढवणाऱ्या रसायनांना आवर घालते. पोटात गेल्यावर मात्र अडचण येते. ते पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून जेमतेम शोषले जाते आणि जे शोषले जाते त्याचे रूप यकृत झटपट बदलते. २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पिपेरीन दिल्यास शोषण सुमारे वीस पट वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. फोडणीचे तेल आणि मसाल्यातली मिरी म्हणूनच सोयीची. पण चमचाभर हळदीत कर्क्युमिन शंभरेक मिलिग्रॅमच, आणि भाजीत पडते ती चिमूटभर.

माणसांवरच्या चाचण्या बहुतेक मोठ्या मात्रेच्या. थायलंडमध्ये गुडघ्याच्या संधिवातावर रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क चार आठवडे दिला, तेव्हा वेदना आयबुप्रोफेन या वेदनाशामकाइतकीच कमी झाली आणि पोटाच्या तक्रारी कमी आढळल्या. तिथल्याच २०२३ मधल्या चाचणीत अपचनावर कर्क्युमिन ओमेप्राझोल या आम्लपित्तावरच्या औषधाच्या तोडीचे ठरले. कर्करोग किंवा स्मृतिभ्रंशाबाबत असा भक्कम पुरावा नाही. जाहिराती काहीही म्हणोत. या क्षेत्रातले काही गाजलेले शोधनिबंध तर मागे घ्यावे लागले आहेत.

आमटी-रश्शातल्या हळदीची भीती नको, फक्त ती भेसळीची नसावी. रंग खुलवण्यासाठी काही ठिकाणी मिसळले जाणारे लेड क्रोमेट विषारी असते. जपायचे ते कॅप्सूलबाबत: जास्त शोषल्या जाणाऱ्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.