शेतघराचा राखणदार निवडताना...

कर्जत, मुरबाड, मुळशी, अलिबाग या परिसरांत शहरवासीयांनी उभारलेली शेतघरे आठवड्यातील पाच दिवस बहुधा कुलूपबंद असतात. आंब्याची कलमे, पाण्याचा पंप, गोठ्यातील चार शेळ्या यांची राखण कोणी करायची, असा प्रश्न उपस्थित झाला की कुत्र्याचा विचार सर्वप्रथम मनात येतो. मग एखाद्या रविवारी मोटारीतून एक रुबाबदार पिल्लू शेतावर दाखल होते. त्याचे नेमके काम काय आणि त्याला सांभाळणार कोण, याचा विचार मात्र पुढे केव्हातरी सुरू होतो.

वास्तविक 'राखण' या एका शब्दात तीन निरनिराळी कामे सामावलेली आहेत. परक्याची चाहूल लागताच भुंकून वर्दी देणे हे पहिले, आत शिरणाऱ्याला अडविणे हे दुसरे आणि गुराढोरांच्या सोबतीने राहून त्यांना वन्य श्वापदांपासून वाचविणे हे तिसरे. बहुतेक शेतघरांची गरज पहिल्या कामापुरतीच असते आणि त्यासाठी गावठी कुत्र्याइतका उत्तम प्राणी नाही, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. येथील ऊन, पाऊस त्याच्या अंगवळणी पडलेला असतो, खाणे बेताचे असते आणि कान विलक्षण तिखट असतात. दाट केसांचा हिमालयीन मॅस्टिफ किंवा सेंट बर्नार्ड कोकणच्या दमट उकाड्यात आणून ठेवणे हा मात्र निव्वळ छळ होय.

मुधोळ कुत्र्याविषयी आपल्याकडे वेगळेच आकर्षण आहे. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ संस्थानावरून हे नाव पडले. आपल्या खेड्यांत त्याला कारवान म्हणून ओळखतात. भारतीय लष्करानेही 2016 पासून या जातीला प्रशिक्षण देऊन पाहिले. तथापि तो मूळचा नजरेने सावज हेरून त्यामागे धावणारा शिकारी कुत्रा आहे. ससा किंवा शेजाऱ्याची कोंबडी दिसली की तो सुटलाच. चार फुटी कुंपण त्याला अडवू शकत नाही. जर्मन शेफर्ड किंवा रॉटवायलर यांना माणसाचा सहवास आणि रोजची शिस्त लागते. मालक रविवारी येणार आणि उरलेले सहा दिवस भाकर घालणार तो शेतावरचा गडी. अशा वेळी कुत्र्याचा खरा धनी गडीच असतो. त्यामुळे निवड करताना त्याला विचारलेच पाहिजे. तो ज्या कुत्र्याला भितो, तो कुत्रा शेतावर नको.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. 2017 च्या श्वानपैदास नियमांनुसार त्याआधी ते विकताही येत नाही. शेळ्या, कोंबड्यांची सवय लहानपणीच लावावी लागते. राखणीचे काम त्याच्याकडून अपेक्षावे ते दीड-दोन वर्षांनंतरच.

आता बंदोबस्ताविषयी. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा चांगली राखण करतो, ही समजूत चुकीची आहे. असा कुत्रा चिडखोर बनतो, प्रत्येक चाहुलीवर भुंकत राहतो आणि त्याच्या भुंकण्याकडे कोणी लक्ष देईनासे होते. आखूड किंवा जड साखळीने त्याला अवाजवी काळ बांधून ठेवणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हाही आहे.

जुन्नर, आंबेगाव, शिरूर या ऊसपट्ट्यात तर साखळी म्हणजे मृत्यूचे निमंत्रणच. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने सुमारे 39 टक्के भक्ष्य पाळीव व गावठी कुत्र्यांचे असल्याचे आढळले. म्हणजे ज्याला आपण राखणदार म्हणून आणतो, तोच बिबट्याला अंगणापर्यंत ओढून आणू शकतो. हिमाचलातील गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, कारण बिबट्या प्रथम नरडे धरतो. आपल्याकडे अधिक खात्रीचा उपाय म्हणजे रात्री बंदिस्त पिंजरा. त्याला चारही बाजूंनी आणि वरूनही मजबूत जाळी हवी; छप्पर उघडे ठेवले तर भिंती व्यर्थ ठरतात. तो घराला किंवा गड्याच्या खोलीला लागून असावा, म्हणजे भुंकणे ऐकू येते आणि कुत्र्यालाही धीर राहतो.

दिवसा मोकळे सोडायचे तर सहा फुटी जाळीचे कुंपण असावे. जाळीची खालची कड फूटभर जमिनीत गाडावी किंवा आतील बाजूला वळवून तिच्यावर दगड रचावेत, कारण उकरून बाहेर पडण्यात कुत्री तरबेज असतात. बहुतेकदा दगा देते ते फाटक! त्याखालची फट बुजवावी आणि ते आपोआप लागेल अशी कडी बसवावी. कुंपणाला लागून गावाची पायवाट असेल, शाळेची मुले तेथून जात असतील, तर त्या बाजूला आतून दुसरा आडोसा करणे इष्ट. कुत्रा आवरण्यात हलगर्जी होऊन कोणाला इजा होण्याची शक्यता असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद अथवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. मार्च 2024 मध्ये केंद्राने 23 'हिंस्र' जातींवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पुढच्याच महिन्यात रद्दबातल ठरविले. परंतु चावा गावठी कुत्र्याने घेतला काय किंवा रॉटवायलरने, जबाबदारी मालकाचीच.

रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि त्यानंतर दरवर्षी टोचून घ्यावी. भटक्या कुत्र्यांशी आणि कोल्ह्यांशी शेतावर गाठ पडतेच. पावसाळ्यात गोचिडांकडे विशेष लक्ष द्यावे, त्यांच्यामुळे येणारा ताप कुत्र्याला चार दिवसांत आडवा करतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक गड्याच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावा आणि कुत्र्याला तेथे नेण्यासाठी लागणारे पैसे त्याच्या हाती आधीच द्यावेत.